नेटच्या एका बाजूला

लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आल्यावर मी बॅडमिंटनचा क्लब शोधला, तो काही खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. रविवारी सकाळी घरात थांबलं की नवरा पुण्याला फोन लावायचा आणि मग दोन्हीकडच्या आया, मावश्या, आत्या यांच्याशी तेच ते बोलावं लागायचं. थंडी किती आहे, भाकरीचं पीठ मिळतं का, गोड बातमी कधी देताय. त्यापेक्षा दोन तास शटल बडवलेलं बरं. कॉलेजच्या टीममध्ये होते, त्याची मिजास अजून थोडी शिल्लक होती आणि रॅकेट येताना सामानात टाकलीच होती.

क्लब कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, स्पोर्ट्स सेंटरमध्ये भरायचा. शेजारीच पोहण्याचा तलाव असल्याने हॉलमध्ये सदा क्लोरीनचा वास. क्लबचे सेक्रेटरी एक मराठी काका होते. साठच्या दशकात दादरहून आलेले, कौन्सिलच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि आता ब्रिटिशांपेक्षा चार अंगुळं जास्त ब्रिटिश. क्लब तेच चालवत, म्हणजे खरं तर क्लबचा फळा चालवत.

त्या फळ्याला पेगबोर्ड म्हणत. दाराशी एक लाकडी फळी, तिला भोकं, आणि प्रत्येक मेंबरच्या नावाची एक लाकडी खुंटी. हॉलमध्ये आलं की आपली खुंटी रांगेच्या शेवटी खोचायची. एखादं कोर्ट रिकामं झालं की ज्याची खुंटी सगळ्यात पुढे, त्याने मागच्या सात-आठ खुंट्यांमधून तिघांना निवडायचं आणि चौघांनी खेळायला जायचं. खेळ संपला की पुन्हा शेवटी. हा झाला लिहिलेला नियम. न लिहिलेला नियम त्याहून कडक होता: जोड्या सारख्या झाल्या पाहिजेत. चौघांत दोघं जबरदस्त असतील तर ते एका बाजूला कधीच खेळणार नाहीत. एक इकडे, एक तिकडे.

"अगं, इंडियात क्लब म्हणजे काय?" काका मला पहिल्याच रविवारी म्हणाले. "चार दादा लोक कोर्ट अडवून बसणार आणि बाकीचे टाळ्या वाजवणार. इथे एव्हरीबडी गेट्स अ फेअर गेम. तेवढं एक शिकून घे, म्हणजे इथे तुझं चांगलं चालेल."

मला असा उपदेश आवडत नाही. पण फळा चालत होता हे खरं. काकांनी तिथे काळच थांबवून ठेवला होता. बाहेरच्या जगात पॉइंट मोजायची पद्धत बदलली होती, प्रत्येक रॅलीला पॉइंट मिळायला लागला होता. आमच्या हॉलमध्ये मात्र सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट. शटल प्लॅस्टिकचं. पिसांच्या शटलची नळी काकांच्या पिशवीत असायची, ती फक्त लीगच्या मॅचला बाहेर निघे.

पुढच्या हिवाळ्यात ती आली. चिनी बाई, माझ्यापेक्षा जरा मोठी, बुटकी, गुडघ्याला पट्टा. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलेली, आणि स्वतः हीथ्रो विमानतळावर परफ्यूमच्या दुकानात उभी राहणारी. काकांनी विचारलं, आधी खेळली आहेस का? ती म्हणाली, थोडंसं. मग ती कोर्टवर गेली आणि पहिल्या तीन-चार फटक्यांतच शेजारच्या कोर्टवरची माणसं खेळायची थांबली. जोर फार नव्हता. पण शटल नेटवरून आलं की ती आधीच तिथे असायची, आणि ते परत गेलं की समोरची दोघं एकमेकांकडे बघत राहायची. त्या दिवशी चहाच्या वेळी काकांनी तिच्याकडून काढून घेतलंच की ती चीनमध्ये एका प्रांताच्या संघातून डबल्स खेळायची, आणि तेच तिचं काम होतं, पगारी.

काकांना आनंद झाला आणि काळजीही लागली. एवढी चांगली खेळाडू म्हणजे जोड्या सारख्या करायच्या तरी कशा? उपाय त्यांनी लगेच काढला. हॉलमधला सगळ्यात कच्चा खेळाडू नेहमी तिच्या बाजूला. बऱ्याचदा ते स्वतःच. काकांकडे एकच चांगला फटका होता, समोरच्याच्या डोक्यावरून पार मागच्या रेषेजवळ टाकलेला उंच लॉब. बाकी सगळा आनंद होता.

तिच्या दोन गोष्टी मला खटकल्या. तिची खुंटी सगळ्यात पुढे आली की ती निवड अशी करायचीच नाही. मागच्या तीन खुंट्या जशा असतील तशा उचलायची आणि चालू पडायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, खेळताना ती मागे वळून बघायची. डबल्समध्ये एक पुढे नेटजवळ, एक मागे. उंच शटल डोक्यावरून गेलं तरी पुढच्याने मान वळवायची नसते, कारण मागचा ते परतवणार आणि तुम्ही समोर तयार असायला हवं. हे मला पुण्यात शाळेच्या सरांनीसुद्धा शिकवलं होतं. इतकी मोठी खेळाडू आणि हे माहीत नाही?

एकदा चहाच्या मशीनपाशी मी तिला विचारूनच टाकलं. माझा स्वभावच तसा आहे, नवरा म्हणतो तोंडाला कुलूप नाही.

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "माझ्या मागे कोण आहे मला माहीत नसतं," ती म्हणाली. "पूर्वी माहीत असायचं."

मग त्या हिवाळ्यात खुंटी पुढे सरकायची वाट बघत आम्ही बाकावर बसलेल्या असताना तिने मला बाकीचं सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, अगदी कोरड्या आवाजात. तिचं इंग्लिश तिच्या गावचं, माझं माझ्या गावचं. पण दोघींनाही सावकाश बोलायला लागत असल्याने नीट समजायचं.

तिचं गाव नदीकाठी होतं, कापडगिरण्यांचं. शाळेत कुणीतरी बघायला आलं, मुलांच्या दिशेने चेंडू फेकले, आणि ज्यांचे हात पटकन पुढे आले त्यांना क्रीडाशाळेत घेऊन गेले. तिचे हात आले. आईला वाटलं, पोरगी पोटभर जेवेल, झालं. वाढत्या वयात कोचने तिला एका उंच मुलीबरोबर उभं केलं. ती उंच मुलगी मागे, ही पुढे. त्या दिवसापासून दोघींची खाट शेजारी, जेवणाचं ताट शेजारी, आजारपणंही बहुतेक एकदमच. कोच पुढून शटलांचा मारा करायचा आणि हिने एकदा जरी मान वळवली तरी दोघींना पळायला लावायचा. हळूहळू मान वळायची बंद झाली. मागून बुटांचा आवाज आला की ती कुठे आहे ते कळायचं, आणि पुढे पुढे आवाजाचीही गरज उरली नाही. स्पर्धा जिंकल्या, परदेशी गेल्या, एकदा युरोपातही येऊन गेल्या. युरोपातलं काय आठवतं असं मी विचारलं तर म्हणाली, हॉलमधले दिवे फार प्रखर होते.

मग एका सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं असताना कोचने नव्या जोड्या पाडल्या. तू इकडे, तू तिकडे. उंच मुलीबरोबर एक नवी, लहान मुलगी दिली. तिला जम बसायला अनुभवी जोडीदार हवा होता. हिलाही दुसरी कुणीतरी दिली. संध्याकाळपर्यंत खाटासुद्धा बदलल्या होत्या.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला?" ती म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी एकदाच एका कोर्टवर आल्या, समोरासमोर. पहिलंच उंच शटल हिच्या डोक्यावरून मागे गेलं आणि हिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळून पाहिलं. कारण जी मागे असायची ती नेटच्या पलीकडे उभी होती. तो पॉइंट गेला, मॅचही गेली. मग गुडघा गेला. उंच मैत्रीण पुढे बरंच जिंकली आणि आता मुलींची कोच झाली होती. दोघी वर्षातून एकदा, त्यांच्या नव्या वर्षाला, फोनवर बोलायच्या.

"तुला वाईट वाटतं का? तिला सगळं मिळालं म्हणून?" मी विचारलं.

"नाही. मेडल तिचं आहे. मला एक गेम पाहिजे. तिच्याबरोबर, एका बाजूने. शेवटची आठवण समोरासमोरची नको."

हे ऐकून मला गलबलून आलं, आणि मला गलबलून आलेलं आवडत नसल्याने मी उठून मशीनमधला तो भिकार चहा आणखी एकदा आणला.

वसंतात ती एका रविवारी धावत आली. मैत्रीण मुलींना घेऊन इंग्लंडमध्ये कुठेशी खेळायला आली होती. पुढच्या रविवारी दुपारी सगळ्यांचं विमान हीथ्रोवरून. सकाळचे दोन-अडीच तास तिला मोकळे मिळणार होते, आणि आमचा हॉल विमानतळापासून टॅक्सीने अगदी जवळ. दुसरीकडे कोर्ट मिळेना, कारण रविवारी सकाळी आसपासचा प्रत्येक हॉल कुठल्या ना कुठल्या क्लबने धरलेला असतो. पुढल्या वर्षी मैत्रीण ते काम सोडून मुलाच्या शिक्षणासाठी घरी बसणार होती. म्हणजे हीच वेळ, नाहीतर मग झालंच.

मी काकांना गाठलं. "काका, एक कोर्ट अर्धा तास त्यांना देऊन टाकू या ना. कुणी काही म्हणणार नाही."

"अगं, इमोशनल होऊ नकोस. गेस्ट यायला माझी काहीच हरकत नाही. मोस्ट वेलकम. पण गेस्टची खुंटी रांगेत शेवटी. क्यू म्हणजे क्यू. आज हिच्यासाठी मोडला, उद्या कुणाचा तरी भाचा येईल."

"अहो काका, तिचं विमान आहे!"

"मग लवकर यायला सांग," काका म्हणाले आणि फळ्यावरच्या खुंट्या सरळ करायला लागले.

मला त्यांचा संताप आला. घरी येऊन नवऱ्यापुढे त्यांच्या नावाने बराच शंख केला. तो म्हणाला, तू त्या फळ्याची इतकी धास्ती का घेतेस, सगळ्यांना आधीच सांगून ठेव. नवऱ्याच्या डोक्यातून कधी कधी बरं काही निघतं. मी आठवडाभर एकेकाला फोन करून सांगितलं की रविवारी तिला कुणी आपल्या गेममध्ये ओढायचं नाही. तिची खुंटी पुढे येऊ द्यायची, म्हणजे तिला आपल्या मैत्रिणीला निवडता येईल. सगळे कबूल झाले.

रविवारी टॅक्सीतून मैत्रीण उतरली. उंच, केस बारीक कापलेले, चष्मा, हातात बॅग. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, रडतील. तसलं काही नाही. मैत्रिणीने हिचा उजवा हात धरला, मनगट इकडे-तिकडे वळवून पाहिलं आणि मान हलवली. हिची खुंटी आधीच रांगेत होती, मैत्रिणीची शेवटी खोचून दोघी बाकावर बसल्या. फारसं बोलतही नव्हत्या. मीच त्यांच्या बाजूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

आमच्या क्लबात गेम लांबायचे, त्या जुन्या मोजणीमुळे. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि पॉइंट कुणाचाच नाही. पण शेवटी तिची खुंटी पुढे आली. मी तिच्याकडे पाहत होते. तिने हात वर केला, मागच्या तीन खुंट्यांवरून नेला, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मधल्या दोन सोडून मैत्रिणीची खुंटी उचलली. मग माझी. मग काकांची, कारण पाहुणीला येऊ दिल्याबद्दल त्यांचा मान ठेवायला हवा असं तिला वाटलं असणार.

काका खूश झाले. पिशवीतून पिसांच्या शटलची नळी काढली, लीगची मॅच नसताना. कोर्टवर चौघं जमलो आणि त्यांनी मुळीच विचार न करता, आयुष्यभराच्या सवयीने, हाताने खूण केली.

"यू धिस साइड. यू दॅट साइड." मग माझ्याकडे वळून मराठीत, "तू पाहुणीबरोबर हो, मी हिच्याबरोबर. म्हणजे इव्हन होईल."

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच त्या दोघी चालायला लागल्या होत्या. ही इकडे, मैत्रीण तिकडे. दोघी मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, रॅकेटा वर. काकांना ओरडावं की या दोघींना, हे मला कळेना. काका बिचारे हसत होते. त्यांनी तर चांगलंच केलं होतं.

गेम सुरू झाला. ती नेटजवळ, काका तिच्या मागे. पलीकडे मी नेटजवळ आणि माझ्या मागे मैत्रीण. मैत्रिणीने एक उंच शटल टाकलं, ते तिच्या डोक्यावरून गेलं. तिने वळून पाहिलं. काका धडपडत पोचले आणि शटल त्यांच्या रॅकेटला चाटून पडलं.

"सॉरी, सॉरी, माय फॉल्ट," काका म्हणाले.

ती वळलेली तशीच उभी राहिली, जमिनीवरच्या शटलकडे बघत. मग तिने दुखऱ्या गुडघ्यावरचा पट्टा घट्ट केला, वाकली, नेटखालून आमच्या बाजूला आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

"तू तिकडे," ती मला म्हणाली.

एवढंच. मी गेले. नेटखालून जाताना माझे केस नेटमध्ये अडकले आणि ते सोडवताना मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. काकांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "काका, प्लीज, आता काही बोलू नका." त्यांनी समोर पाहिलं, त्या दोघींकडे, आणि रॅकेट हातात नीट धरली. मला वाटतं तेव्हा त्यांना समजलं.

पहिली सर्व्हिस त्या दोघींची होती, आणि ती रॅली फसली. मी नेटजवळ एक हलकं शटल टाकलं आणि दोघी एकदमच पुढे धावल्या, रॅकेटवर रॅकेट आपटली. मैत्रीणही नंतरच्या वर्षांत पुढे खेळायला शिकली होती, त्या नव्या मुलीला सांभाळता सांभाळता. शटल कसंबसं आमच्याकडे आलं, काकांनी आपला एकमेव लॉब मारला आणि ते त्यांच्या मागच्या रिकाम्या कोर्टात पडलं. दोघी नेटला खेटून उभ्या, मागे कुणीच नाही. मैत्रीण चिनीत काहीतरी म्हणाली. चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि उलट्या पावलांनी चालत मागे गेली, आपल्या जागी.

पॉइंट नाही, फक्त सर्व्हिस आमच्याकडे आली, ती मी केली. दोन-चार फटके झाले आणि काकांनी तोच लॉब मारला, उंच, तिच्या डोक्यावरून पार मागे. मी शटलकडे पाहत नव्हते, तिच्या मानेकडे पाहत होते. ती वळली नाही. डोळे आमच्यावर, रॅकेट समोर, गुडघे वाकलेले. मागून फाडकन आवाज आला आणि शटल माझ्या बुटाशेजारी पडलं. मला ते दिसलंसुद्धा नाही.

गेम पूर्ण झाला नाही. टॅक्सीवाला आत येऊन उभा राहिला. जुन्या मोजणीने त्या दोघींचे जेमतेम सात-आठ पॉइंट झाले होते आणि आमचा एकही नाही. काकांनी पाहुणीशी हात मिळवला आणि ते पिसांचं शटल तिला देऊन टाकलं. टॅक्सी गेल्यावर ती आत आली आणि आपली खुंटी रांगेच्या शेवटी खोचून बाकावर बसली. दिवसभर ती ठीक होती.

पुढच्या रविवारी तिची खुंटी पुढे आली. या वेळी तिने सरळ मागची सातवी, माझी खुंटी उचलली आणि काका काही बोलायच्या आत म्हणाली, "हिच्याबरोबर मी. एका बाजूने." जोड्या अजिबात सारख्या नव्हत्या, पण काकांनी मान हलवली. मला किती अभिमान वाटला ते सांगून उपयोग नाही. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, सरांनी शिकवलं होतं तशी. पहिलंच उंच शटल तिच्या डोक्यावरून माझ्याकडे आलं, आणि तिने मागे वळून पाहिलं.